कवचबीज काम करतं, पण अँटिऑक्सिडंट म्हणून नाही

‘हळद, ग्रीन टी आणि कवचबीजातली अँटिऑक्सिडंट्स मेंदूच्या मेलेल्या पेशी जिवंत करतात. नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम शून्य. तीन महिन्यांत पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद!’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. (कवचबीज म्हणजे खाजकुहिलीच्या बिया.) पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, पण यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं.

‘पेशी जिवंत होतात.’ मेलेली चेतापेशी कुठल्याच काढ्याने परत येत नाही. पार्किन्सन्समध्ये मरतात त्या, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींवर ऑक्सिडेशनचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रासायनिक क्रियेचा, ताण असतो हे खरं, आणि हळदीतल्या करक्युमिनने उंदरांमध्ये आशाही दाखवली आहे. पण तोंडावाटे घेतलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. ज्या अँटिऑक्सिडंट्सची माणसांवर मोठी परीक्षा झाली, त्यांचं काय झालं? अमेरिका आणि कॅनडात ८०० रुग्णांवर ‘ई’ जीवनसत्त्वाची चाचणी झाली. १९९३च्या निकालात आजाराची गती कमी झालेली दिसली नाही. कोएन्झाइम क्यू-१०ची ६०० रुग्णांवरची चाचणी तर फायद्याची शक्यता दिसेना म्हणून मध्येच थांबवली.

‘कवचबीजाने फरक पडतो.’ पडतो, आणि हे नाकारणाऱ्यांचंही मला पटत नाही. खाजकुहिलीच्या या बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं, म्हणजे गोळीत असतं तेच, मेंदूत जाऊन डोपामिन होणारं औषध. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली भारतातच ते या बियांतून वेगळं केलं होतं. लंडनमध्ये आठ रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला. पण गोळीत जोडीला कार्बिडोपा असतं. ते नसेल तर बरंच लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच डोपामिन होऊन जातं आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. बोलिव्हियात १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ पैकी ७ जणांनी चूर्ण सोडलं, काहींनी पोटाच्या त्रासामुळे, काहींनी हालचाली बिघडल्यामुळे.

घरात काय होतं पाहा. सकाळची गोळी झाली, वर कोणीतरी दुधातून चमचाभर चूर्ण दिलं. तासाभरात मान आणि खांदे आपोआप वळवळू लागतात, कधी भास होतात. चूर्णाचं कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून डॉक्टर गोळी कमी करतात. मग चूर्ण संपलं की बाबा खुर्चीतून उठू शकत नाहीत.

‘दुष्परिणाम शून्य.’ आमटीतल्या हळदीची भीती नको. पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीतल्या ईजीसीजी या अँटिऑक्सिडंटची जर्मनीत मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या जवळच्या आजारावर चाचणी झाली: आजार थांबला नाही, काहींचं यकृत मात्र बिघडलं.

‘गोळ्या बंद.’ लेव्होडोपा एकदम थांबवलं तर काही जणांना जोराचा ताप येतो, अंग ताठरतं, शुद्ध हरपू लागते. ही इमर्जन्सी आहे. असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

कवचबीज आधीच सुरू असेल तर तेही मनानेच एकदम तोडू नका. डब्याचा फोटो, किती चमचे आणि किती वाजता, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य दोघांनाही दाखवा. गोळीचा डोस त्या चमच्यासकट ठरवावा लागतो.