‘कार्डच चुकीचं आहे’ या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या मापाच्या कप-चमच्यांसोबतचं कार्ड बघून केलेला तुमचा केक बिघडला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. सगळे भोवती जमलेत आणि केकमध्ये सुरी शिरत नाहीये, तेव्हा जीव कसा होतो ते मी स्वतः अनुभवलंय. तुमच्या मेसेजला उत्तर द्यायला आम्ही दोन दिवस लावले, तीही चूक आमचीच. मेसेज रात्री साडेअकराला आला होता आणि दुसरा दिवस पार्सलं बांधण्यात गेला, पण वाट बघणाऱ्याला त्याचं काय.

एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण खाली लिहिलंत, "कप-चमच्यांचा सेट बोगस, सोबतचं मापांचं कार्ड साफ चुकीचं, त्याप्रमाणे केलं तर दगड झाला." यावर गप्प बसणं मला जमत नाही. हा धंदा मी आणि माझी बहीण, दोघीच चालवतो, आणि हे वाचून दोन गिऱ्हाइकांनी ऑर्डर रद्द केल्या. ते कार्ड कुठून उतरवून घेतलेलं नाही. त्यावरचं प्रत्येक साहित्य आम्ही स्वतः काट्यावर तोललंय. मैदा तर वेगवेगळ्या पाकिटांतला, वीसेक वेळा.

मेसेजमध्ये तुम्ही लिहिलं होतं, "एक कप म्हणजे २४० असं कार्डावर आहे, म्हणून दोन कप मैद्याला ४८० ग्रॅम घेतला." ताई, घोळ इथे झालाय. कार्डावर २४० च्या पुढे मिलि लिहिलंय, ग्रॅम नाही. मिलि म्हणजे कपात किती मावतं ते, आणि ग्रॅम म्हणजे जे मावलं त्याचं वजन. पाण्याचे हे दोन्ही आकडे जुळतात, त्यामुळे सगळ्याच पदार्थांचे जुळतील असं वाटतं. मैद्यात हवा असते. तो चमच्याने अलगद कपात टाकून वरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर एका कपात साधारण १२५ ग्रॅम बसतो. म्हणजे तुमच्या केकला २५० ग्रॅम पुरे होता. पडला जवळजवळ दुप्पट. इतका मैदा सगळं दूध पिऊन टाकतो आणि मग बेकिंग पावडर कितीही ताजी असली तरी ते जड पीठ ती उचलणार कशी?

तुम्ही पुढे विचारलंत, की आकडा चुकीचा होता तर दूध आणि तेल कसं बरोबर आलं. प्रश्न रास्त आहे. एक कप दुधाचं वजन २४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, तुम्ही २४० घेतलंत, काहीच बिघडलं नाही. अर्धा कप तेल ११० ग्रॅमच्या जवळपास, तुमचं १२० गेलं, तेही खपून गेलं. साखर मात्र कपाला २०० ग्रॅम हवी होती, ती ४० ग्रॅम जास्त पडली, पण एवढ्या मैद्यात ती गोडी जाणवलीच नसणार. म्हणून घात एकट्या मैद्याने केला. त्यात कोको असता तर आणखी पंचाईत झाली असती, कारण पाव कप कोको जेमतेम २०-२५ ग्रॅम असतो आणि या हिशोबाने तुम्ही ६० घातला असतात. मधाचं नेमकं उलटं, एक कप मध ३४० ग्रॅमच्या घरात जातो. म्हणूनच कार्डावर प्रत्येक पदार्थाची वेगळी ओळ आहे. एकाच आकड्यात भागलं असतं, तर आम्ही महिनाभर काटा घेऊन का बसलो असतो?

आता त्या फोटोबद्दल. आमचा कप काट्यावर ठेवून तुम्ही दाखवलंत की त्यात १७० ग्रॅम मैदा आला, मग १२५ खोटं. फोटो मोठा करून पाहिला. कप सरळ पाकिटात खुपसून भरलाय, ओट्यावर आपटून मैदा खाली बसवलाय, आणि वर चांगली शीग आहे. तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून तुम्हाला शिकवण्याचा माझा इरादा नाही, पण असा दाबून, शीग लावून भरलेला कप १७० दाखवणारच. तोच कप, तोच मैदा, फक्त भरायची रीत बदलली की एवढा फरक पडतो. म्हणून तर मी सगळ्यांना सांगते, घरात काटा असेल तर मैद्यापुरता कपाचा नाद सोडा.

कप खरंच बोगस आहे की नाही, हे तुम्हाला आत्ता घरीच बघता येईल. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. २४० ग्रॅमच्या आसपास आलं तर कप बरोबर. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतील. त्यापेक्षा जास्त फरक आला तर मी नवा सेट स्वतः पाठवीन, एक शब्द न बोलता. "घरातल्या चहाच्या मगापेक्षा लहान निघाला" हे मात्र मी दोष म्हणून घेऊ शकत नाही. चहाचा मग ३०० मिलिचा असतो, ३५० चाही असतो, तो मापासाठी केलेला नसतो.

ओव्हनचंही थोडक्यात सांगते. "३५० फॅरेनहाइटचे १७७ सेल्सिअस होतात, यांनी १८० छापलंय, साधा हिशोब येत नाही" असं तुम्ही लिहिलंत. ३२ वजा करून पाचाने गुणायचं आणि नवाने भागायचं, हे आम्हाला येतं. घरच्या ओव्हनचं बटण १७७ वर नेमकं थांबत नाही, म्हणून १८० छापलं.

तरी कार्डात दोन उणिवा आहेत, त्या मान्य करते. मिलि आणि ग्रॅम वेगळे आहेत ही सूचना आम्ही मागच्या बाजूला बारीक अक्षरात टाकली. ती पुढे, ठळक हवी होती. आणि दुसरी, जी तुम्ही काढली नाहीत पण मीच सांगते: आमचा टेबलस्पून १५ मिलिचा आहे, ऑस्ट्रेलियातल्या रेसिपींमध्ये तो २० मिलिचा धरतात आणि कपही २५० चा. तिथली रेसिपी आमच्या चमच्यांनी केली तर टेबलस्पूनने मोजलेलं सगळंच कमी पडेल. हे कार्डावर कुठेच नाही. छापून ठेवलेली कार्डं अजून बरीच शिल्लक आहेत, ती संपली की नव्या छपाईत दोन्ही घालायचा विचार आहे. तोवर जमेल तसं हाताने चिठ्ठी लिहून पार्सलात टाकतो. मेसेजची उत्तरंही लवकर द्यायचा प्रयत्न करू.

सेट परत करायचा असेल तर करा, पैसे पूर्ण मिळतील, पाठवायचा खर्चही आमचा. नाहीतर एकदा, फक्त एकदा, २५० ग्रॅम मैदा तोलून तोच केक करून बघा. बाकी साहित्य कपाने घेतलंत तरी चालेल. फुगला नाही तर मला फोटो पाठवा, मी त्याच दिवशी उत्तर देईन. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. पण "कार्ड साफ चुकीचं" हे वाक्य तेवढं पुन्हा वाचाल का? त्या कार्डासाठी माझ्या बहिणीने रात्र रात्र जागून मैदा तोललाय आणि तुमचा रिव्ह्यू पहिल्यांदा तिनेच वाचला.