पडक्या स्टेशनचा इतिहास कसा लिहावा

तुमच्या गावात बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचं एखादं बंद स्टेशन असेल, तर त्याचा इतिहास लिहाच. पण आधी छप्पर पूर्ण पडू द्या. पत्रे शाबूत असलेल्या इमारतीला इतिहास नसतो, तिला डागडुजी लागते.

सुरुवात १८९७ पासून करा. कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी त्या साली सुरू झाली. मोठी लाईन बार्शीला टाळून गेली होती आणि पेठेतला कापूस बैलगाडीनं स्टेशनावर न्यावा लागे, हे कारण मात्र दडपा. कापसाच्या गाठींनी कुणाचा ऊर भरून येत नाही. ‘पांडुरंगासाठी गाडी आली’ असं लिहा. पंढरपूरला रूळ १९०६ साली पोचले, पण तपासतंय कोण?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचं नाव टाका. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ न देता त्यानं हलक्या रुळांवर मोठाले डबे चालवले, ही किचकट माहिती गाळा. पुढे तो पॅराशूट करू लागला, तेवढं सांगा. आमच्या गाडीतून उतरायला ते कधी लागलं नाही.

हुरड्याचा किस्सा हवाच. एकानं चालत्या गाडीतून उतरून कणसं मोडली आणि मागचा डबा गाठला. कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत दर गावात तो माणूस कुणाचा तरी आजोबा असतो. तुम्हीही आपला घाला.

१९५४ ला सरकारनं कंपनी घेतली, २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज आलं, नवी लाईन गावाला वळसा घालून गेली. हे एका ओळीत उरका, कारण पुढचा इतिहास जरा घरचा आहे. शेजाऱ्यांच्या गोठ्याला आडवी तुळई दिसते ना, तो रूळ. घंटा म्हणून बडवायचा रुळाचा तुकडा शाळेत गेला, तो एक बरा गेला. तिकीट खिडकीची सागवानी फळी आमच्या देवळीत आहे. चिल्लर सरकवून सरकवून तिला मधोमध खळगा पडलाय, त्यात काडेपेटी नेमकी बसते.

फोटो मावळतीला काढा. बाभळी येऊ द्या, बाटल्या टाळा. खाली ‘हा वारसा कुणी लुटला?’ असं ठळक अक्षरात टाका.

लिहायला निवांत जागा हवी असेल तर आमच्याकडेच या. ओटा ऐसपैस आहे. फलाटाचे दगड, भर उन्हाळ्यातही गार लागतात.