मोजा जितका घट्ट, तितकी सूज लवकर उतरते?

व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) असलेल्यांसाठी एक सल्ला सध्या फिरतोय: कॉम्प्रेशन मोजा (पाय आवळून धरणारा मोजा) एक साइज लहान घ्या, घट्ट बसला की सूज झटकन उतरते. असं करू नका.

मोज्याचा दाब आणि कापडाचा ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरांत ८०-९० मिमी पारा इतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. त्या क्षणी पोटरी फुगते. मऊ, ताणणारं कापड तिच्यासोबत पसरतं; ताठ कापड पसरत नाही, म्हणून दाब एकदम वाढून शिरा दाबल्या जातात आणि स्नायू सैल पडताच उतरतो. ताठपणा मोजतातही असाच: आडवं असताना आणि उभं राहिल्यावर मोज्याखालचा दाब बघायचा. फरक १० मिमी किंवा जास्त असेल तर ताठ.

लहान साइजचा लवचीक मोजा मात्र झोपेतही तेवढाच आवळत राहतो. गुडघ्याखाली वळ उठतात, मोज्याची गुंडाळी झाली तर दोरीसारखी काचते. पायाच्या धमन्या अरुंद असतील किंवा मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल, तर जखमच व्हायची. आणि ताठ मोजाही चालल्याशिवाय पुरेसं काम करत नाही, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही.

माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्या. एकाच पायाला अचानक सूज आली असेल तर मोजा राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.