खाजेची ट्यूब

आज डोकंच फिरलं. तालुक्याच्या एका मेडिकलात एक बाई आली. कडेवर पोरगं, त्याच्या मानेवर गजकर्णाचं कडं. "भाऊ, खाजेची ट्यूब द्या न." चिठ्ठी नाही, पोराकडे नजरसुद्धा नाही, ट्यूब काउंटरवर हजर. क्लोबेटासोल नावाच्या स्टेरॉइडवाली! मी दुकानदाराला बोललो तर म्हणे, "लोकच मांगते न जी, आम्ही काय करावं?"

मागतीलच. दोन दिवसांत खाज बसते ना! आमच्या वहिनीचीही बसली होती. पावसाळाभर ओल्या साडीत निंदण, परकराच्या नाडीखाली चट्टा उठला. अशीच ट्यूब आणली. लावली की चट्टा फिका, सोडली की दुप्पट. कमरेवरून जांघेत, मग दादाला, मग पोरांना.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते खाज दाबतं, लाली दाबतं आणि गजकर्ण करणाऱ्या बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही दाबतं. बुरशी निवांत पसरते, कडं पुसट होतं, मग डॉक्टरलाही ते चटकन ओळखू येत नाही. वहिनीच्या जांघेची कातडी पातळ होऊन लाल वळ पडले. हे वळ पूर्ण जात नाहीत.

बरं, स्टेरॉइड मलम कामाचं असतं, गाजरगवताच्या ॲलर्जीला डॉक्टरच देतात. पण डॉक्टर देतात! अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नका, हा नियम २०१८ चा आहे. कोण पाळतो?

पण दुकानदारावर किती ओरडू? वहिनीने दाखवायचं कोणाला होतं? जांघेतलं दुखणं तिने आईलाही सांगितलं नाही. रात्री उठून बसायची, आम्हाला वाटायचं झोप लागत नाही. ऐन हंगामात रोजमजुरी पाडून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं तरी कसं? तिचा काय दोष!

शेवटी नीट औषध झालं ते त्वचेच्या डॉक्टरकडेच. साधं बुरशी मारणारं मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं धरून, खाज गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे. सोबत तपासून दिलेल्या गोळ्या. घरातल्या सगळ्यांचा इलाज एकदम, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात.

इनबॉक्सात ट्यूबचं नाव विचारू नका, सांगणार नाही. घरात असलेली ट्यूब काढा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं, तर ती गजकर्णावर लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा, त्यांना ती बघू द्या.