रवा खाऊन मुंगी फुटत नाही

पोळ्याच्या आधीपासून आमच्या गावच्या गटांवर एक संदेश फिरतो आहे. मजकूर असा: ‘आंगणातल्या लाल आग्या मुंग्यांच्या घरावर मूठभर कोरडा रवा टाका. मुंग्या रवा खातात, पाणी पितात, रवा पोटात फुगतो आणि त्या फुटून मरतात. तीन दिवसांत घर साफ. तरी उरल्या तर रॉकेल ओता. चावल्यास चुना लावा, विष आम्लाचे असते.’ माझ्याकडे तो पाच जणांकडून आला, म्हणून हे लिहितो.

आधी रवा. पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट अन्न गिळूच शकत नाही. तिच्या तोंडात बारीक गाळणी असते, आत जातो तो फक्त रस. घट्ट अन्न खातात त्या वाढत आलेल्या अळ्या. कामकरी मुंग्या दाणा आणून अळीच्या तोंडाशी ठेवतात, ती त्याचा रस करते आणि तो बाकीच्या पितात. मग फुगणार कोण? त्यातून आपल्याकडची आग्या मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, दाणे साठवणारी जात. तिच्यातल्या काहींची डोकी भलतीच मोठी दिसतात ना, ती बी फोडायला. तिच्या दारात रवा टाकणे म्हणजे घरपोच दळण. संध्याकाळी चिमूटभर टाकून बघा, सकाळी आत ओढून नेलेला असतो.

‘पण आमच्याकडे खरंच गेल्या, भाऊ!’ असे सांगणारे भेटतात. घर डिवचले की या मुंग्या राणीसकट चार हात पलीकडे सरकतात. जुने घर ओस पडलेले दिसते. आठवडाभराने सांदवाडीत वांग्याच्या बुडाशी भुसभुशीत मातीचा नवा ढीग दिसला, तर तो कुणाचा हे सांगायला नको.

हीच युक्ती अमेरिकेत मक्याच्या कण्यांची म्हणून सांगतात. तिथे विकत मिळणाऱ्या आमिषात कण्या असतात खऱ्या, पण त्या सोयाबीनचे तेल आणि औषध धरून ठेवायला. औषध गळाले आणि कण्या तेवढ्या गोष्टीत उरल्या, असा माझा अंदाज.

रॉकेल आता मिळतेच कुठे? म्हणून लोक डिझेल ओततात. वरच्या मुंग्या मरतात, खोल बसलेली राणी बऱ्याचदा वाचते, आणि त्या जागी पुढे कोथिंबीरही धड उगवत नाही. विहीर जवळ असेल तर विचारूच नका. त्यापेक्षा दहा-बारा लिटर उकळते पाणी बरे, तेही थंडीतल्या कोवळ्या उन्हात, राणी आणि अळ्या ऊब घ्यायला वर आलेल्या असताना. त्यानेही साधारण १० पैकी ६ घरेच मरतात, आणि पाणी लागेल ते झाड जाते.

राणीपर्यंत पोचते ते सावकाश मारणारे गोड विष. १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि फक्त १ ग्रॅम बोरिक पावडर. कॅरमवर टाकायचो तीच, पण हल्ली कॅरमच्या नावाने काहीही विकतात, डब्यावर नाव वाचून घ्या. ‘जरा जास्तच टाकू’ हा आपला स्वभाव इथे नडतो: पावडर वाढली की मुंगी वाटेतच मरते, घरात वाटायला काही उरत नाही. कापसाचा बोळा भिजवून भोके पाडलेल्या डबीत ठेवा, लेकरे, कोंबड्या, शेळ्या यांच्यापासून लांब. दर दोन दिवसांनी ताजे करा. फरक दिसायला काही आठवडे लागतात. मातीत मात्र ओतू नका, या पावडरीतले बोरॉन जास्त झाले की झाडाला बाधते.

आता चुना. खर्ऱ्याच्या डबीतला चुना हाताशी असतो, म्हणून तो लागतो. आम्ल-चुन्याचा हिशेब इथे बसत नाही, कारण या मुंगीच्या विषात मुख्यतः आम्ल नसून अल्कलॉइड नावाची रसायने असतात. चुन्याने कातडी पोळते ती वेगळीच. साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, फोड फोडू नका. ओठ सुजले, दम लागला, चक्कर आली तर घरी काही न करता थेट दवाखाना.

आणि धुऱ्यावरच्या घरांना मी हात लावत नाही. तिथे त्या वाळवी आणि किड्यांची अंडी खातात. पऱ्हाटीवर (कपाशीवर) पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, दिसला की मात्र बुडाशी वाकून बघतो, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. त्या ढेकणाचे शास्त्रीय नावच फेनाकॉकस सोलेनोप्सिस आहे.