पाटे वाढवले म्हणून पिकअपचा ट्रक होत नाही

माझ्या भाच्यानं टोमॅटोच्या हंगामाआधी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. नारायणगावला माल भरायचा, माळशेज उतरायचा आणि कल्याण नाहीतर वाशी गाठायची, असा बेत. चावी हातात पडते न पडते तोच त्याला व्हॉट्सअॅपवर 'जुनी पिकअप घेतलीत? मेकॅनिक हे पाच उपाय सांगणार नाही' हा मजकूर आला. पठ्ठ्यानं तो वाचून थेट गॅरेजवाल्याला पाट्यांचा, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांचा, भाव विचारला, म्हणून हे लिहायला बसलोय.

ते पाच उपाय असे: चेसिस नंबरचं दहावं अक्षर बघा, गाडीची ओळख पटली. मागचे पाटे वाढवा आणि दीड टनाच्या गाडीत बिनधास्त तीन टन भरा. ईजीआर, म्हणजे धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करा, मायलेज वाढेल. डिझेलमध्ये अधूनमधून रॉकेल टाका, इंजिन आतून साफ होतं. आणि आरसी नावावर करायची घाई नको, नोटरी पुरते.

पहिल्यात तथ्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. सतरा अक्षरी चेसिस नंबरात दहावं अक्षर सहसा वर्षाचं असतं. ए म्हणजे २०१०, एच २०१७, मग थेट जे २०१८, के २०१९, एल २०२०. मधला आय गाळलाय, कारण आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. विकणाऱ्यानं पाठवलेल्या नंबरात ओ दिसला, तर लिहिताना चूक झालीय किंवा काहीतरी काळंबेरं आहे. पण एका अक्षरावर गाडीची ओळख पटत नाही. चेसिसवर ठोकलेला नंबर, कंपनीनं लावलेल्या प्लेटवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर हे तिन्ही जुळायला हवेत, इंजिन नंबरही. चेसिसवर कागद धरून पेन्सिलनं ठसा घ्या; घासून पुन्हा ठोकलेले आकडे त्यात वाकडेतिकडे दिसतात. दुसरं म्हणजे, नोंदणी २०२० ची दिसली की गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या मापदंडाची, असं धरून चालू नका. बीएस-६ ची सक्ती १ एप्रिल २०२० पासून आली. त्याच वर्षी जानेवारीत नोंदवलेली गाडी बीएस-४ असू शकते, आणि मग इंजेक्टरपासून सायलेन्सरपर्यंत सुटे भाग वेगळे. आरसीवर हे लिहिलेलं असतं, पार्ट मागवण्याआधी ते वाचा.

आता पाटे. हा उपाय लिहिणाऱ्यानं भरलेली गाडी घेऊन कधी घाट उतरलेला नसावा. पाटा माल पेलतो, मान्य. गाडी मागून बसत नाही, दिसायला ताठ दिसते. पण ब्रेक तेच, एक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, टायर तेच. घाटात ५०० मीटर खाली उतरताना प्रत्येक जादा टनामागे साधारण ४९ लाख जूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. म्हणजे पंधराएक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता. काही भाग इंजिन ब्रेकिंगनं जातो, उरलेली बहुतेक ब्रेकवर, म्हणजे घासून गाडी थांबवणारे लायनर आणि ते ज्यावर घासतात त्या ड्रम-डिस्कवर. लायनर तापले की पेडल दाबूनही पकड येत नाही, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल थेट तळाला जातं. जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल मागच्या मालकानं कधी बदललं होतं, हे किती जण विचारतात?

याहून वाईट एक गोष्ट आहे, तिचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली. माल भरला, चेसिस खाली बसली, की व्हॉल्व्हला कळतं आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली तर कमी देतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही पाटे वाढवलेत. तीन टन भरूनही चेसिस खाली बसत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमीच ठेवतो. म्हणजे माल दुप्पट आणि सगळी भिस्त पुढच्या ब्रेकवर. ते करायचं आणि माळशेजच्या वळणावर धुक्यात शिरायचं!

कायद्याचंही ऐका, कारण 'पोलीस काही म्हणत नाहीत' अशी एक ओळ त्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपलाच. किती माल चालतो ते आरसीवरून काढा: एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. क्रेटचं वजनही त्यातच आलं.

ईजीआरबद्दल. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून तो आतलं तापमान उतरवतो, त्यामुळं नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. त्यानं इनटेकमध्ये काजळी साचते, ही तक्रार खरी आहे. पूर्ण भारावर, म्हणजे चढाला ॲक्सिलेटर दाबून धरता तेव्हा, ईजीआर बहुतेक बंदच असतो. मग 'चढाला ताकद वाढली' हे कुठून आलं? व्हॉल्व्ह काजळीनं अडकला असेल तर काढून साफ करा, फरक पडेल. पत्रा लावून बंद केलात तर बीएस-६ गाडीचा कॉम्प्युटर चेक लाइट लावतो आणि कधी ताकदही कापतो. पीयूसीत हे पकडलं जात नाही, कारण डिझेलला तिथं फक्त धुराची घनता मोजतात. पण कलम ५२ खाली असा बदल करताच येत नाही आणि १८२-अ नं प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलीय.

रॉकेलावर फार शब्द खर्च करत नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेच्या, पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेल त्या बाबतीत कोरडं. पंपातून धातूचा चुरा निघाला की तो इंजेक्टरपर्यंत जातो, मग ते बिल बघा. इंजिन साफ ठेवायचं असेल तर डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातलं पाणी काढत जा.

नोटरी. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेच्या सहीचा ३५. विकणाऱ्यांनो, तुम्हीही वाचा: सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तो. त्या प्रकरणात गाडी पुढं अनेकदा विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदणीवर नाव राहिलेल्या पहिल्या मालकाच्याच गळ्यात पडली. आणि घेणाऱ्याचं काय? विमा जुन्या नावावर राहिला तर समोरच्याचं नुकसान भरून निघेल, तुमच्या गाडीचं नाही.