फ्रीजखाली पाणी आणि बिल गॅसचं

गेल्या आठवड्यात पाथर्डी फाट्याच्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, गॅस भरायचे किती घ्याल?"

"गॅस संपला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय कुणी? सोसायटीच्या ग्रुपवर आलंय ना सगळं."

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवला होता. वर लाल त्रिकोण, खाली हात जोडलेले. थोडक्यात त्यातलं म्हणणं असं: फ्रीजखाली पाणी दिसलं की गॅस गळतोय, लगेच भरून घ्या. वर बर्फ आणि खालचा कप्पा गरम असेल तरी गॅसच कमी झालाय. डबल डोअर फ्रीजमध्ये एक हीटर लपवलेला असतो, तो वीज खातो, मेकॅनिककडून त्याची वायर काढून टाका. बर्फ साचू नये म्हणून फ्रीझरमध्ये खडेमीठ पसरा, साचलाच तर सुरीने काढा. गारवा टिकावा म्हणून जाळ्यांवर मॅट अंथरा आणि फ्रीज ठासून भरा. उन्हाळ्यात नॉब 7 वर ठेवा, थंडीत फ्रीज बंदच ठेवा.

सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून फ्रीज उघडणं हाच माझा धंदा आहे. या मेसेजमुळे माझ्यासारख्यांचा फायदाच होतो, तेव्हा खरं तर गप्प बसायला हवं. पण त्यातल्या दोन सल्ल्यांनी चांगले फ्रीज कायमचे जातात, म्हणून लिहितोय.

आधी पाणी. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, आणि नळीला भोक पडून गेलाच तर हवेत विरून जातो, त्याचं पाणी होत नाही. फरशीवर आलेलं पाणी बाहेरच्या हवेतलं, उघड्या पातेल्यातलं आणि धुऊन तशाच ओल्या ठेवलेल्या कोथिंबिरीतलं असतं. दार उघडलं की दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ सगळ्यात गार जागेवर, म्हणजे गॅसच्या गार नळ्यांच्या कॉइलवर, जाऊन गोठते. तो बर्फ वितळवून पाणी बाहेर काढायची सोय प्रत्येक फ्रीजमध्ये असते. ती वाट तुंबली की पाणी स्वयंपाकघरात येतं. एवढीच भानगड आहे.

नाशिकमध्ये याचा हंगाम ठरलेला. गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माझ्या फोनलाही पूर येतो. हिशोब करून बघा. जुलैत स्वयंपाकघरात 26 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 20 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. एप्रिलमध्ये 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता धरली, तर जेमतेम 9 ग्रॅम. फ्रीजमधल्या 4 अंशांच्या हवेत साडेसहा ग्रॅमच्या आसपास मावतं, त्याहून जास्त नाही, आणि पंख्याच्या, म्हणजे डबल डोअर, फ्रीजमधली हवा त्याहूनही कोरडी असते. म्हणजे दर वेळी दार उघडल्यावर आत राहून जाणारं पाणी पावसाळ्यात उन्हाळ्याच्या तिपटीच्या आसपास किंवा पुढेही जातं. घरात चार माणसं आणि दिवसाला तीस-चाळीस वेळा दार उघडणार, तर नुसत्या हवेतूनच चहाचा अर्धा-पाऊण कप पाणी जमलं. एप्रिलमध्ये अर्धवट तुंबलेली नळी जेवढं पाणी कसंबसं पुढे ढकलते, तेवढं जुलैत तिला झेपत नाही.

काकूंचा फ्रीज सिंगल डोअर होता. भाजीचा ट्रे ओढून काढला, तर खाली तळं, त्यात एक लिंबू तरंगतंय. मागच्या भिंतीला तळाशी एक पन्हाळी असते आणि तिच्या मधोमध बोटही जाणार नाही असं भोक. त्या भोकात कोथिंबिरीची काडी आडवी अडकली होती आणि तिच्यावर लसणाचं एक साल बूच मारल्यासारखं बसलं होतं. चिमट्याने दोन्ही काढलं. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने कोमट पाणी सोडलं. पहिली पिचकारी उलटी माझ्याच शर्टावर आली, दुसरी गुळगुळ करत गेली आणि मागे कॉम्प्रेसरवरच्या भांड्यात टपटप आवाज आला. तो टपटप ऐकू आला की काम झालं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्याच्या उबेने भांड्यातलं पाणी आपोआप उडून जातं. काही सिंगल डोअर मॉडेलांत मात्र मागचं भांडं हाताने काढून ओतावं लागतं, आणि ते घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

हे घरी कुणालाही जमेल. प्लग काढायचा, कोमट पाणी घ्यायचं (उकळतं नको, प्लास्टिक तडकतं), टोकदार तार घालायची नाही. पाणी फ्रीजच्या आत साचत असेल तर भोक बघा. आत कोरडं आणि मागे फरशीवर ओल असेल तर भांडं सरकलंय की तडकलंय ते बघा.

आता वर बर्फ आणि खाली गरम. मेसेजमधला हा सगळ्यात महाग पडणारा मुद्दा, म्हणून जरा सविस्तर.

डबल डोअर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल बहुतेक वेळा नसतेच. कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथला पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि तिच्यातला थोडा वाटा एका बोगद्यातून खाली सोडतो. खालचा गारवा पूर्णपणे या वाऱ्यावर जगतो. कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने भरल्या की वारा थांबतो. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्यामुळे बरेच दिवस गार राहतो, खाली मात्र दूध नासायला लागतं. गॅस पुरेपूर असतो, गारवाही तयार होत असतो, तो खाली पोचत नाही.

यातला फरक ओळखायची खूण कॉइलवरच असते. पॅनेल उघडल्यावर कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरी, जाड, एकसारखी गोठलेली दिसली, तर गॅस आहे आणि बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडली आहे. गॅस खरंच कमी असेल तर गॅस जिथून शिरतो तिथल्या थोड्या भागावरच बर्फ धरतो, बाकीची कॉइल कोरडी. तेव्हा वरचं आइस्क्रीमही वितळतं आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. पॅनेल न उघडता ज्याने गॅसचा दर सांगितला, त्याला चहा पाजून परत पाठवा.

घरच्या घरी कळणारी आणखी एक खूण. फ्रीज रिकामा करून, बंद करून, दारं उघडी टाकून एक दिवस ठेवला, पुन्हा चालू केला आणि आठ-दहा दिवस मस्त चालला, तर गॅस गेलेला नाही. गेलेला गॅस दारं उघडी ठेवून परत येत नसतो.

यावरून इंदिरानगरचं एक घर आठवतं. तीन महिने त्यांचं हेच चाललं होतं: दहा दिवस गार, मग खाली कोमट, मग एक दिवस सगळं सामान शेजारच्यांकडे. मधल्या काळात दोनदा गॅस भरून झाला होता. मी पॅनेल काढलं तर कॉइल दिसेचना, नुसती बर्फाची लादी. पंख्याचं पातं त्या लादीला घासून खर्र खर्र वाजत होतं. बर्फ उतरवल्यावर खाली हीटरची वायर सापडली. सरळ कापलेली, दोन्ही टोकांना व्यवस्थित काळी टेप. कुणीतरी त्यांची वीज वाचवून दिली होती.

म्हणजे हीटरचा मुद्दाही इथेच आला. हीटर असतो हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे. लपवलेला वगैरे काही नाही, कॉइलच्या खाली असतो. टायमरवाल्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर साधारण 8 ते 12 तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि हीटर पेटवतो. वीस-तीस मिनिटांत बर्फ वितळतो, बायमेटल (गरम झालं की वीज तोडणारं छोटं बटण) हीटर बंद करतं, पाणी खालच्या पन्हाळीतून नळीत जातं. नव्या फ्रीजमध्ये हे काम सेन्सर आणि कार्ड करतं. हीटर 180 वॉटचा धरा, दिवसात तीनदा वीस-वीस मिनिटं, म्हणजे 0.18 युनिट. महिन्याला पाच-साडेपाच युनिट. त्यासाठी वायर कापली की गोठलेल्या कॉइलवर कॉम्प्रेसर दिवसरात्र धावतो आणि वाचवलेले युनिट दामदुपटीने परत करतो. इंदिरानगरच्या त्या घरात वायर जोडली, बायमेटलही मरायला टेकलं होतं ते बदललं. दोनदा भरलेल्या गॅसचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

गॅस भरण्याबद्दल एक बोलून घेतो. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तोही पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात. आपल्या लायटरमध्ये असतो त्याच घराण्यातला, पेट घेणारा. तो 'थोडा टाकून देतो' असा टाकता येत नाही. गळती शोधायची, बुजवायची, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि लेबलवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून भरायचे. वजनकाटा न आणता कुणी गॅस भरत असेल तर त्याने नक्की काय भरलं हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता मीठ आणि सुरी. मिठाने बर्फ वितळतो ही शाळेतली गोष्ट खरी आहे. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली, पार उणे 21 अंशांपर्यंत, न गोठता राहू शकतं. पण सिंगल डोअर फ्रीझरची ती चौकट म्हणजेच कॉइल. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गॅसच्या वाटा फुगवलेल्या असतात. ॲल्युमिनियमवर खारं पाणी महिनोन्महिने बसलं की बारीक भोकं पडतात आणि मेसेजने ज्याची भीती घातली तो गॅस खरोखरच जातो. सुरीने हेच काम एका झटक्यात होतं. फुस्स असा आवाज येतो, बस. त्यानंतर फ्रीझर बदलायचा खर्च ऐकून बरेच जण फ्रीजच बदलतात. थर्मोस्टॅटच्या नॉबमध्ये एक बटण असतं, ते कशासाठी दिलंय? बर्फ बोटाच्या अर्ध्या जाडीचा झाला की रात्री दाबायचं. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ उतरतो, बटण आपोआप बाहेर येतं. सकाळी फ्रीझरखालचा ट्रे तेवढा बघायचा.

मॅट अंथरून फ्रीज ठासायचा सल्ला वाचून तर मला दिंडोरीकडच्या एका गिऱ्हाइकाचं हसू आलं. माणूस द्राक्ष बागायतदार. निर्यातीचा माल कोल्ड स्टोरेजला जातो तेव्हा आधी प्री-कूलिंग, म्हणजे माल झटपट गार करणं, होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं: खोक्यांना भोकं, ती एका रांगेत येतील अशी थप्पी, वरून ताडपत्री, म्हणजे पंख्याने ओढलेला वारा बाहेरून न पळता द्राक्षांमधूनच जावा. आणि घरी? प्रत्येक जाळीवर फुलाफुलांची प्लास्टिकची मॅट, आणि द्राक्षांची पेटी थेट मागच्या गार हवेच्या झरोक्याला टेकवलेली. झरोक्यालगतची रांग गोठून काचेच्या गोट्या झालेली, समोरचे मणी मऊ पडलेले. मी काहीच बोललो नाही, पेटी चार बोटं पुढे ओढली आणि मॅट गुंडाळून हातात दिल्या. ते म्हणाले, "आयला, खरंच की."

जाळीला फटी आहेत त्या गार हवा खाली पडावी म्हणून. सिंगल डोअरमध्ये तर पंखाही नसतो, गार हवा जड असल्यामुळे आपली आपण खाली उतरते, तेवढाच तिचा जोर. तिच्या वाटेत वर्तमानपत्र आलं की संपलं. फ्रीझर भरलेला असावा हे बरोबर, वीज गेली तर गोठलेलं सामान एकमेकांना गार ठेवतं. खालच्या कप्प्याला तो नियम लावू नका.

नॉबचं काय सांगायचं? 7 म्हणजे सात अंश नव्हे आणि जास्त वेगही नव्हे. कॉम्प्रेसर किती गारव्याला थांबणार एवढंच तो ठरवतो. 7 वर तो क्वचितच थांबतो आणि सिंगल डोअरमध्ये बर्फाचे डोंगर होतात. खालच्या मधल्या जाळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. 4-5 अंश दाखवत असेल तर नॉबला हात लावू नका. थंडीत बंद ठेवायचं तर बोलूच नये. डिसेंबरात नाशिकची रात्र 10 अंशांची असते, पण दुपार 28 ची, आणि दूध दुपारीही दूधच असतं. बंद दाराआड बुरशी धरते ती वेगळीच. थंडीत एक गोष्ट मात्र खरी घडते. एकाच थर्मोस्टॅटच्या काही डबल डोअर फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असतो. स्वयंपाकघरच गार असल्यामुळे खालचा कप्पा लवकर तापत नाही, कॉम्प्रेसर निवांत पडून राहतो आणि वरचं आइस्क्रीम मऊ होतं. तिथे नॉब एक घर वाढवायचा. यालाही लोक गॅसच म्हणतात.

तर त्या पाथर्डी फाट्याच्या काकू. मी निघताना त्यांनी ती कोथिंबिरीची काडी आणि लसणाचं साल ओट्यावर मांडून फोटो काढला आणि माझ्यासमोरच ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'हा बघा आमचा गॅस.' मी जिना उतरत असताना त्यांनी वरून हाक मारून पहिलं उत्तर वाचून दाखवलं: "ताई, तरी एकदा गॅस चेक करून घ्या."